बेरिलच्या बापाची भूमी, दवाखान्याच्या दारात

बेरिल नापुरुर्ला ही माझी भावजय. वाळवंटातल्या आम्हा मूळच्या लोकांच्या कर्लू वेल वस्तीत तिच्याइतकं भित्रं माणूस दुसरं नसेल, आणि हे ती स्वतःच सगळ्यांना सांगत फिरते. तशी रानात ती कशाला भीत नाही. घोरपड बिळात शिरली तर कोपरापर्यंत हात घालून बाहेर ओढते. मोकाट उंटांचा कळप अंगावर आला तरी जागची हलत नाही. तिला भीती एकाच गोष्टीची, शहरातल्या मोठ्या दवाखान्याची.

ती लहान असताना तिच्या आईला ताप भरला होता. आईचं नाव मी घेणार नाही. गेलेल्या माणसाचं नाव आम्ही तोंडावर आणत नाही. विमान आलं, आईला उचलून आत ठेवलं, दार लागलं. काही दिवसांनी कळलं की ती गेली. कशाने गेली, कुठे पुरली, शेवटी कुणाला हाक मारत होती, यातलं काहीच कुणी सांगितलं नाही. तेव्हापासून बेरिलच्या मनात एक गाठ बसली, की त्या घरात माणसं आत जातात आणि तिथेच राहतात. धाकट्याच्या वेळी नर्सबाई तिला शहरात पाठवणार असं समजलं, तर पोट घेऊन ही मल्गाच्या झुडपांत पळाली. शेवटी मी आणि टिलीने तिथेच वाळूवर तिची सुटका केली.

टिली म्हणजे तिची आतेबहीण. त्या दोघींचं नातं नुसतं जिव्हाळ्याचं नाही, कायद्याचंही आहे. आमच्यात बापाच्या भूमीची गोष्ट मुलांकडे येते, पण तिची राखण आत्याची मुलं करतात. मालकाने ती गोष्ट चित्रात रंगवायची, राखणदाराने बघायचं. कुठली खूण उघड दाखवायची, कुठली झाकायची, हे राखणदाराला विचारल्याशिवाय एक ठिपकाही पुढे सरकत नाही. बेरिल सगळ्या वस्तीत उत्तम रंगवते, आणि टिली तिच्या शेजारी बसून चहा पीत चुका काढते. असंच वर्षानुवर्षं चाललेलं.

एका थंडीत दोन माणसं आली. एक आमच्या चित्रघराची, म्हणजे आम्ही बायका बसून रंगवतो त्या घराची ब्रिजेट, ती गोरी असली तरी आमच्यात रुळलेली. दुसरा कॉलिन नावाचा उंच माणूस, उन्हाने कान लाल झालेला. शहरातल्या दवाखान्याला नवा भाग जोडत होते आणि तो त्याने आखला होता. चित्रघराच्या सावलीत तो आमच्यासारखाच जमिनीवर बसला आणि म्हणाला, "तुमची माणसं आमच्याकडे थांबत नाहीत. नळ्या काढून पळून जातात. पुढच्या दारात तुमच्यातलं मोठं चित्र असावं, म्हणजे आत येताना त्यांना परकं वाटणार नाही. बेरिलने ते करावं."

बेरिल आमच्या भाषेत म्हणाली, "पळतात ती शहाणी आहेत."

बायका खो खो हसल्या. ब्रिजेटने हे काही त्याला सांगितलं नाही.   हसणं ओसरल्यावर बेरिल म्हणाली, "मी नाही करणार. दुसरं कुणी बघा."

कॉलिन पाणी प्यायला उठला तशी टिली तिच्यावर खेकसली. "का नाही करणार?"

"तिथे माणसं मरतात, टिली. बापाची भूमी नेऊन मी त्या घरात टाकू?"

"आणि मला कुठे टाकणार आहेत, ठाऊक आहे ना?"

 टिलीची मूत्रपिंडं कामातून गेली होती. आता तिला वस्ती सोडून शहरात राहायचं होतं, दिवसाआड रक्त धुणाऱ्या मशीनला जोडून घ्यायचं होतं, मरेपर्यंत.

"मी त्या दारातून आत जाणार आहे," टिली म्हणाली. "दिवसाआड. तिथे मामाची भूमी असली तर निदान तिच्याकडे बघेन. का पांढऱ्या भिंतीकडे बघत बसू, गं? तुझी आई बसली तशी?"

आईचा विषय असा कुणी काढत नाही. टिलीलाच तो हक्क होता, आणि तिने तो वापरला. बेरिलने मान खाली घातली. कॉलिन परत आला तेव्हा ती हो म्हणाली.

कापड एवढं मोठं होतं की ते अंथरायला चित्रघरातली खाटलीसुद्धा बाहेर काढावी लागली. बेरिलने बापाच्या भूमीची जी बियांची गोष्ट आहे, तिच्यातला उघड भाग घेतला. बायका बी वेचत कुठून कुठे गेल्या, कुठल्या पाण्यावर थांबल्या, एवढंच. टिली बाजूला पाय पसरून बसायची. हात सुजलेले, तोंडावर थकवा, पण जीभ तशीच.

"तो ओढा इतका जाड नाही. तुझा बाप हसेल."

"तूच रंगव मग."

"मला रंगवायचा हक्क असता तर तुला बोलावलं असतं का?"

दिवसा अशी थट्टा चालायची, पण बेरिलची झोप उडाली होती. सकाळी चुलीपाशी येऊन ती मला विचारायची, "वन्सं, काल ते पाखरू ओरडलं, तुम्ही ऐकलंत?" मी ऐकलेलं असे, पण ते पाखरू मरण सांगत येतं, म्हणून नाही म्हणायची. कधी वावटळ आली तर ती कापडावर आडवी व्हायची, जणू कुणी ते हिसकावून न्यायला आलं आहे. एकदा म्हणाली, "हे काम मी करते आहे की ते घर माझ्याकडून करून घेतं आहे, तेच कळेना झालंय."

चित्र पुरं झालं. टिलीने ते चहूबाजूंनी फिरून पाहिलं, एका कोपऱ्यातली खूण झाकायला लावली, आणि मान हलवली. पुढच्या आठवड्यात तिची गादी, किटली आणि तिचा कुत्रा गाडीत चढला. कुत्र्याला शहरातल्या खोलीत जागा नव्हती, म्हणून तो वेशीवरून परत आला. चित्रही शहरात गेलं.

मग बरेच दिवस काही नाही. उन्हाळा तापू लागला तेव्हा ब्रिजेट आणि कॉलिन नकाशे घेऊन आले. मी त्या दिवशी घोरपडी धरायला गेले होते. परत आले तर बेरिल आपल्या घरामागे भिंतीला पाठ लावून बसलेली, राखेत भाजलेली रोटी हातात तशीच.

"वन्सं, त्यांनी त्याला खाली घातलं."

"कुणाला?"

"बापाला."

मला आधी वाटलं, उन्हाने डोकं फिरलं. हळूहळू उलगडलं, बाप म्हणजे चित्रातली बापाची भूमी. चित्र भिंतीवर लागणारच नव्हतं. त्यातल्या रेषा आणि ठिपके रंगीत दगडात कापून कॉलिन ते पुढच्या दारातल्या जमिनीवर बसवणार होता. नकाशात त्याने माणसं काढली होती, चित्रावरून चालणारी. चाकांची खाटसुद्धा काढली होती.

"तू काय म्हणालीस?"

"हो म्हणाले."

"का?"

"तो समोर उभा होता ना."

हे मला समजावून सांगावं लागलं नाही. कागद घेऊन आलेला माणूस समोर उभा राहिला की हो म्हणायचं, हे आम्ही लहानपणीच शिकतो. हो म्हटलं की तो जातो. काय बोलला ते नंतर बघता येतं. या वेळी मात्र नंतर बघण्यासारखं काही उरलं नव्हतं.

आमच्या बायकाही जमिनीवर खुणा काढतात आणि त्यांवर नाचतात. पण ते पाय त्या खुणा ज्यांच्या त्या बायकांचेच असतात, आणि नाच संपला की वारा सगळं पुसून नेतो. इथे दगड होता, कायमचा. त्यावरून कोण कोण जाणार? दारू पिऊन डोकं फुटलेली माणसं, परक्या भूमीचे पुरुष, ज्यांनी विचारल्याशिवाय या भूमीवर पाय ठेवायचा नाही ते. आणि मेलेलीही त्याच दारातून बाहेर काढणार असतील तर? बेरिल हेच पुन्हा पुन्हा विचारत राहिली. "मेलेल्यांना कुठून काढतात, वन्सं? त्याच दारातून?" मला माहीत नव्हतं. कुणालाच माहीत नव्हतं.

ब्रिजेटला सांग, असं मी म्हटलं. ती म्हणाली, सांगते. दिवस गेले, तिने सांगितलं नाही. चित्रघराच्या दारापर्यंत जायची आणि पाणी पिऊन परत यायची. ब्रश हातात धरेना. तिला पक्कं वाटत होतं की आता कुणीतरी आजारी पडणार, फक्त कोण, तेवढंच ठरायचं होतं.

आणि मग क्लेम आला.

क्लेम हा टिलीचा भाऊ, तोही राखणदारच. शांत माणूस, आवाज कधी चढत नाही, आणि म्हणूनच आम्ही सगळे त्याला वचकून असतो. गाडी थेट बेरिलच्या अंगणात आणून त्याने उभी केली. माझा भाऊ, म्हणजे बेरिलचा नवरा, चुलीपाशी बसला होता. क्लेमला बघून त्याने तोंड दुसरीकडे वळवलं. बायकोसाठी मध्ये पडावंसं त्याला वाटत असणार, पण विचारायचा हक्क क्लेमचा होता.

"टिली पडली," क्लेम म्हणाला. "मशीनवर असतानाच. शुद्ध नाही."

बेरिल खाली बसली.

"मी गेलो होतो तिला बघायला. कुंपणातून आत पाहिलं. माझ्या मामाची भूमी जमिनीवर पसरली आहे आणि तिच्यावर सिमेंटची गाडी उभी आहे. अर्धं बसवलंय, अर्धं बाकी." तो थांबला. "कुणाला विचारलंस, बेरिल?"

"कुणाला नाही."

"टिलीला?"

"नाही."

"मला?"

"नाही, दादा."

"टिली उठली तर ठीक," क्लेम म्हणाला. "नाही उठली, तर मला काही बोलावं लागणार नाही. आमची माणसं येतील."

त्याचा अर्थ आम्हां सगळ्यांना ठाऊक होता, कायदा मोडल्याची शिक्षा अंगावर घ्यायची. बेरिलचा चेहरा राखेसारखा झाला. मला वाटलं, आता ही झुडपांत पळणार, पोट घेऊन पळाली होती तशी. ती उठली. पदर नसलेल्या बाईने पदर खोचावा तसा तिने झगा कमरेशी आवळून धरला आणि विचारलं, "गाडीत जागा आहे का, दादा?"

क्लेमने तिच्याकडे पाहिलं. "कशाला?"

"टिलीकडे जायचंय."

"दवाखान्यात?"

"टिली तिथे आहे ना."

मीही चढले. तिला त्याच्याबरोबर एकटी कशी सोडणार? कच्च्या रस्त्याने दात खिळखिळे होत होते, पण गाडीत कुणी शब्द बोललं नाही. बेरिलने माझं मनगट धरलं होतं. बोटं उमटली. मध्ये एकदा क्लेमने गाडी थांबवली, चहा केला, साखर घालून पहिला पेला तिच्या हातात दिला, आणि तरीही काही बोलला नाही. तो पेला पाहून तर मला जास्तच भीती वाटली.

दवाखान्याचं दार काचेचं. जवळ गेलं की आपोआप उघडतं. बेरिल पुढे झाली, दार उघडलं, ती मागे सरली, दार मिटलं. पुन्हा तसंच. आतून थंड वारा यायचा, औषधाचा वास असलेला. तिसऱ्या खेपेला ती दारातच थांबली आणि आमच्या भाषेत मोठ्याने तिने स्वतःचं नाव सांगितलं, बापाची भूमी सांगितली, कुणाकडे आली ते सांगितलं. अनोळखी पाण्यावर गेलं की आम्ही अशी ओळख देतो, तिथल्यांनी घाबरू नये आणि आपल्यालाही त्रास देऊ नये म्हणून. बाकावरची माणसं टकमक बघू लागली. एका म्हाताऱ्याने मात्र ओळखल्यासारखी मान डोलावली. मग ती आत शिरली.

टिली शुद्धीवर होती. नर्स म्हणाली, सकाळीच डोळे उघडलेत, जास्त बोलू नका. क्लेम भिंतीला टेकला आणि त्याने तोंडावरून हात फिरवला. तेव्हा मला कळलं की वाटभर तो रागाने गप्प नव्हता.

टिलीच्या हाताला नळ्या, त्यांतून रक्त फिरत होतं. बेरिलने ते पाहिलं आणि ती तिच्या पायाशी बसून रडू लागली. "माझ्यामुळे. मी त्याला खाली घातलं म्हणून."

"कुणाला खाली घातलं?" टिलीला काहीच माहीत नव्हतं. क्लेमने तिला सांगितलं. टिली ऐकत राहिली. मग तिचा श्वास जोरात होऊ लागला, मशीन किंचाळलं, नर्स धावत आली. नर्सला हाताने बाजूला करत टिली बेरिलला म्हणाली, "तू हो म्हणालीस?"

"घाबरले गं."

"अगं पण तुझा हो कोण विचारतो? मी मान हलवल्याशिवाय तुझा हो म्हणजे कुत्र्याचं भुंकणं. माहीत नाही तुला?"

"माहीत आहे."

"मग जा आणि त्याला सांग."

"मला नाही जमणार, टिली. क्लेमदादा सांगेल."

"क्लेमने सांगितलं तर तो म्हणेल, मालकीण हो म्हणाली आहे. तुलाच सांगावं लागेल. ऊठ. मी इथे बांधलेली आहे, नाहीतर मीच गेले असते."

नवा भाग लागूनच होता. यंत्रांचा आवाज, धूळ, टोप्या घातलेली माणसं. कुणी अडवायच्या आत बेरिल आत गेली होती. मी मागे. दारातल्या जमिनीवर तो ओढा दिसला, तांबड्या दगडात, आणि पाणी, आणि बायका चालल्या ती वाट. सुंदर केलं होतं, खोटं कशाला बोलू. त्याच्यावर एक माणूस उभा राहून पाव खात होता.

बेरिलने पायांतल्या चपला काढल्या आणि ती त्या दगडांवर बसली. बस, एवढंच. माणसं ओरडली, बाई, इथे बसू नका, टोपी घाला. तिला काही ऐकू येत नव्हतं.  कुणीतरी कॉलिनला बोलावलं.

तो धावत आला, मग तिला ओळखून उकिडवा बसला. "काय झालं, बेरिल?"

ती दगडातल्या ओढ्यावरून हात फिरवत राहिली. तो थांबला, हे त्याचं चांगलं. शेवटी इंग्रजीत, तिला येतं तेवढ्यात, ती म्हणाली, "हे काढ. इथे पाय नको."

"पण आपण बोललो होतो. मी नकाशा दाखवला, तुम्ही हो म्हणालात."

"मी घाबरले होते म्हणून हो म्हणाले."

"कशाला घाबरलात?"

"तुला," ती म्हणाली. "तू उभा होतास."

कॉलिनचे लाल कान आणखी लाल झाले.  मग तो म्हणाला, दगड कापून झालेत, उद्घाटनाची तारीख ठरली आहे, हे माझ्या एकट्याच्या हातात नाही. बेरिल म्हणाली, "मग मी बसते." आणि बसून राहिली. तो फोनवर बोलत बाहेर येरझाऱ्या घालत होता, कुणाशी तरी वाद घालत होता. क्लेम आला आणि तिच्यापासून थोड्या अंतरावर, दगडांच्या बाहेर बसला. मी पाणी आणलं. उन्हं उतरली. शेवटी कॉलिन आला आणि म्हणाला की काम थांबवलं आहे, पुढचं ठरेपर्यंत एकही दगड बसणार नाही. याहून जास्त शब्द देता येत नाही.

ते ठरायला पाऊणएक ऋतू गेला. बेरिलने तो सगळा काळ भीतीत काढला. गाडीचा आवाज आला की घरात जायची. दवाखान्यातली मोठी माणसं रागावतील, पोलीस पाठवतील, टिलीचं मशीन काढून घेतील, असलं काहीबाही बोलायची. तसं काही झालं नाही. दगड उपटले गेले. त्या दिवशी आम्ही तिथे होतो. एक तांबडा दगड निघताना मधोमध तडकला तेव्हा बेरिल अशी ओरडली की यंत्र चालवणाऱ्याने यंत्र बंद केलं आणि तिची क्षमा मागितली. सगळे तुकडे पेट्यांत भरून क्लेमने तिच्या बापाच्या भूमीवर नेले आणि पुरले. कुठे, ते तो आणि टिली जाणतात.

पुढच्या दारात आता साधी करडी फरशी आहे. कापडावरचं चित्र मात्र आतल्या भिंतीवर लागलं, मशीनच्या खुर्च्यांसमोर. आधी टिलीला खुर्चीवर बसवून, चित्र वर-खाली करून, तिने मान हलवल्यावरच खिळे ठोकले. उद्घाटनाला बेरिलला बोलायला बोलावलं. ती उठली, माणसांकडे पाहिलं, आणि बाहेर जाऊन ओकली. भाषण टिलीने केलं, ते बरंच लांबलं.

बेरिल अजूनही दवाखान्याला भिते. दर महिन्याला टिलीला भेटायला जाते, दारात स्वतःची ओळख सांगते, आत कुठेच पाठ टेकत नाही आणि घाईने बाहेर पडते. गेल्या खेपेला आम्ही दोघी आत होतो तेव्हा टिलीशेजारच्या खुर्चीत उत्तरेकडचा एक म्हातारा होता. तो चित्राकडे बोट करून कुरकुरत होता. "ही माझी भूमी नाही. मी रोज परक्याची भूमी का बघायची?"

"मग डोळे मीट," टिली म्हणाली. "रक्त तरीही धुतलं जाईल."

म्हाताऱ्याने खरंच डोळे मिटले. जरा वेळाने एक उघडला आणि बेरिलला विचारलं, "ते पाणी, ते उन्हाळ्यातही टिकतं का?"

"टिकतं," बेरिल म्हणाली, आणि त्याच्या खुर्चीजवळ अगदी कडेला टेकून ती त्याला त्या पाण्याबद्दल सांगू लागली.